हिरव्या शाईची सही

आमच्या पेपरच्या छापखान्यात त्याला सगळे पट्टीवाले म्हणायचे. मी बाइंडिंगला, तो मुद्रितशोधक. ओळीखाली लाकडी फूटपट्टी धरायची, ओळ संपली की पट्टी खाली सरकवायची, आणि पान निर्दोष झालं की कोपऱ्यात हिरव्या शाईनं सही. बायकोनं लिहिलेली किराण्याची यादीसुद्धा तो दुरुस्त करत बसे. ती म्हणायची, "आधी साखर आणा, तिची वेलांटी मागाहून बघा." मी हे ऐकलंय, म्हणून सांगतो. फार गोड माणूस होती.

एका सायंकाळी त्याच्या टेबलावर बातमी आली. आमच्याच भागातल्या टाकीचं पाणी दूषित झालंय, उकळून प्यावं. त्यानं दोन चुका काढल्या, सही केली. घरी काही बोलला नाही. उद्या पेपरात येणारच होतं की.

सकाळी पेपर उघडला, तर बातमीच्या जागी पाणीखात्याची पानभर जाहिरात. तुम्ही-आम्ही पाणी उकळून मोकळे झालो असतो. हा म्हणाला, "छापलं नाही म्हणजे बातमी खोटी निघाली." छापलेल्या अक्षरावर याचा एवढा भरवसा.

तीन आठवड्यांत बायको काविळीनं गेली. टाकीचं खरं होतं, हे नंतर सगळ्या गावाला कळलं.

"संपादकानं बातमी दाबली," एवढंच तो मुलीला सांगत आला. बारा वर्षांनी, हा निवृत्त झाल्यावर, एकदा मुलीनं विचारलं, "पण का दाबली, बाबा? कुणाच्या सांगण्यावरून?"

तेव्हा त्यानं माहिती अधिकाराच्या कायद्याखाली सरकारच्या प्रसिद्धी कार्यालयाकडे अर्ज केला. आमच्या पेपरला त्या बातमीच्या आधीच्या-नंतरच्या दोन वर्षांत सरकारनं किती जाहिराती दिल्या, कधी दिल्या, कुणाच्या हुकमानं, ते दाखवा. उत्तर आलं, फाइल सापडत नाही. पठ्ठ्यानं त्या उत्तरातल्या सहा चुका हिरव्या शाईनं काढल्या आणि तेच पत्र अपिलाला जोडलं. फाइल सापडली.

बघायला मीही गेलो. खिडकीलगतच्या टेबलावर कार्यालयातल्या बाईंनी गठ्ठा सोडला. याची पट्टी ओळीओळीनं खाली सरकू लागली. आदल्या अख्ख्या वर्षात पाणीखात्याची एक जाहिरात, तीही पाव पानाची. त्या सायंकाळपासून पुढच्या वर्षभरात चोवीस पूर्ण पानं. त्यातल्या पहिल्या जाहिरातीचा हुकूम त्याच दिवशी पाच वाजता निघालेला. शेऱ्यात लिहिलं होतं, 'संपादकांशी बोलणे झाले.'

"सापडलं रे," तो मला म्हणाला. चेहरा असा उजळला, की मला वाटलं आता चहा पाजतो.

"काका, त्या पहिल्या जाहिरातीच्या बिलाला जोडलेलं तपासलेलं पानही आहे," बाई म्हणाल्या. "त्याची प्रत देऊ?"

त्यांनी पान उलगडलं. 'शुद्ध पाणी, तुमच्या दारी.' खालच्या ओळीत एक काना वाढवलेला, आणि कोपऱ्यात हिरवी सही.

पट्टी तिथंच थांबली. रोज चाळीस पानं डोळ्यांखालून जायची, कुठलं लक्षात राहणार? पण सही त्याचीच. सकाळी बातमीच्या जागी जी पाहून तो निर्धास्त झाला, ती जाहिरात आदल्या रात्री त्यानंच निर्दोष ठरवली होती.

मी हळूच म्हणालो, "हे एक पान राहू दे. बाकीची ने."

"पान गाळायचं?" त्यानं पट्टी माझ्यावर रोखली. बाईंना म्हणाला, "याची प्रत सगळ्यांत वर ठेवा."

घरी मुलीनं ते पान घेतलं. मजकूर वाचला, कोपऱ्यापाशी आली, आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचलं. मग तिनं कागदाची घडी घातली.

"आणखी कुणाकडे अर्ज करायचा राहिलाय, बाबा?"

"नाही," तो म्हणाला. "आता कुणाकडे नाही."