ढवळ्याच्या साली

टोकावड्याच्या चांगोने शेवटची आठ वर्षं नोकरी केली ती फाटकाबाहेर. मुरबाडच्या कारखान्याने संपानंतर त्याला काढलं. युनियन आणि मालक लवादाकडे गेले, लवादाने निवाडा दिला, चांगोला कामावर परत घ्या. मालकाने निवाडा वाचला आणि फाटक लावून घेतलं.

वकील म्हणाले, "दर सोमवारी फाटकावर हजर राहा. नाहीतर म्हणतील, यालाच काम नको होतं."

चांगो आज्ञाधारक. सोमवार सांगितला, तर हा रोज जायचा. बायको लहानी डबा भरायची, तांब्यात निखारे घालून गणवेशाला इस्त्री करायची. अशी कडक इस्त्री गावात सरपंचालाही नव्हती. पहिल्या पाळीच्या भोंग्याला चांगो फाटकावर.

रखवालदार कुंडलिक विचारायचा, "काय चांगोशेठ, आज कंपनी घ्याला आलाव?"

"कामाव आलोय. हजेरीत नाव लाव."

"नाय रे बाबा."

मग दोघं चहा प्यायचे आणि चांगो एसटीने परत शेतावर. त्याला एकच हवं होतं. कामगार म्हणून एकदा आत पाऊल पडावं.

यंदा कामगार कार्यालयाने कंपनीच्या मागे टुमणं लावलं आणि पत्र आलं, चार जूनला रुजू व्हा. लहानीने आळीत पेढे वाटले.

चार जूनला मॅनेजर स्वतः फाटकावर आला. "निवाडा मान्य आहे. पण एकतीस मेला तुमची अठ्ठावन्न पूर्ण झाली. तुम्ही निवृत्त झालात."

चांगो हसला. "सायेब, मला दोन वर्सं हायत अजून."

मॅनेजरने शाळेचा दाखला पुढे केला. चांगोचं हसू तिथेच विरलं. त्याला शाळेत घालताना बाप देवजीने मास्तरांना सांगितलं होतं, "ढवळ्या बैल आनला त्या साली झाला." मास्तरांनी साल काढून पुढे एक जून लिहून टाकलं. चांगो खरा जन्मला पवळ्या आणला तेव्हा, दोन वर्षांनी. पण देवजीचा जीव ढवळ्यावर, तोंडात तेच नाव आलं. घरी ही गोष्ट सांगून सगळे पोट धरून हसायचे.

"बैलाचं मी काय करू?" मॅनेजर म्हणाला. तेही खरंच. "आत बघून यायचं तर या."

कुंडलिकने वही उघडली. ती पाहुण्यांची होती. चांगोने तिच्याकडे पाहिलं आणि पेन परत दिलं.

"हजेरीत लिव ना. एकच दिवस."

"नाय रे लिवता येत, चांगो." कुंडलिकने या वेळी शेठ म्हटलं नाही.

चांगो फाटकाबाहेरच्या कट्ट्यावर बसला. जेवणाच्या सुट्टीचा भोंगा होईपर्यंत बसून राहिला. मग डबा उघडला. शेवटच्या शितापर्यंत खाल्लं. भरला डबा घरी गेला असता, तर लहानीला सगळं कळलं असतं.

संध्याकाळी तिने रिकामा डबा हलवून पाहिला. "घेतला ना आत?"

"घेतला."

"तरी मी बोलले नवते का!" तिने गणवेश भिजत घातला. "उद्या कुठली पाळी हाय वो?"

चांगो बराच वेळ पायातले बूट सोडत बसला.

"पयलीच," तो म्हणाला.