राहायची परवानगी

सत्तारचाचा जव्हारच्या बाजारात भांड्यांना कल्हई लावत. त्यांची थोरली राबिया मॅट्रिक झाली, तेव्हा इंग्रजीत तिला वर्गात सगळ्यांत जास्त मार्क पडले होते. इंग्रजी तिला आवडे ते त्याच्या शिस्तीमुळे. आधी विशेषण, मग नाम, मग साहाय्यक क्रियापद, मग मुख्य क्रियापद. गुरुजींनी पाठच करून घेतलं होतं. कॅन म्हणजे शकणे, मस्ट म्हणजे सक्ती, शुड म्हणजे कर्तव्य, मे म्हणजे परवानगी. ‘मे आय कम इन, सर?’ म्हटल्याशिवाय वर्गात पाऊल टाकता येत नसे, त्यामुळे मे तर अगदी पक्कं.

बहात्तरचा दुष्काळ पडला आणि पुढच्या उन्हाळ्यात मोखाड्याला परदेशी डॉक्टरांचं शिबिर लागलं. त्यांना दुभाषी हवा होता. राबियाची मावशी हलीमा मोखाड्यातच दिलेली, त्यामुळे राहायची सोय होती. सत्तारचाचांनी परवानगी दिली आणि राबिया एसटीत बसून आली.

डॉक्टर म्हणजे एक पिकल्या केसांच्या मॅडम होत्या. त्या सावकाश बोलत, आणि राबिया ते मराठीत करून सांगे. ‘यू मस्ट बॉइल द वॉटर’ म्हटलं की ती म्हणे, “पाणी उकळायलाच पाहिजे हां, मावशी.” पाड्यावरच्या बाया आपल्या बोलीत काही विचारत, त्यातलं निम्मं तिला कळे, निम्मं ती अंदाजानं घेई. पण वाक्यं जुळत होती. संध्याकाळी मावशीकडे भाकरी थापताना ती दिवसभरातली वाक्यं परत म्हणून बघे.

एका दुपारी खोडाळ्याकडच्या पाड्यावरून रुपी नावाची बाई आली. पाठीशी लुगड्यात बांधलेली पोर होती, गौरा. जुलाबांनी तिचे डोळे खोल गेलेले. पोटाची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहत होती. मॅडमनी पोरीला तपासलं, तिच्या केसांवरून हात फिरवला आणि राबियाकडे बघून हळू म्हणाल्या, “धिस पुअर गर्ल मे नॉट लिव्ह.” आणि सलाईनची तयारी करायला घाईनं आतल्या खोलीत गेल्या.

राबियानं वाक्य जुळवलं. पुअर, गरीब. गर्ल, मुलगी. मे नॉट, परवानगी नाही. लिव्ह, राहणे. आय लिव्ह इन जव्हार. तिला जरा विचित्र वाटलं. शिबिरात तर सगळे गरीबच होते. पण वाक्य नेमाला धरून होतं, आणि मॅडमना उलटं विचारायचं तिच्या जिवावर आलं.

“रुपीबाय,” ती म्हणाली, “गरीब मुलीला इथे राहायची परवानगी नाही.”

रुपीनं एकदा आतल्या दाराकडे पाहिलं. वाद घातला नाही, विनवणी केली नाही. अशी वाक्यं तिनं आधीही ऐकलेली होती. कुठे, हे राबियाला विचारावंसंही वाटलं नाही.

“बरा, बाय,” ती म्हणाली. पोरीला परत पाठीशी बांधलं आणि ती निघाली.

मॅडम सलाईनची बाटली घेऊन बाहेर आल्या. “व्हेअर इज द गर्ल?”

“शी वेंट, मॅडम. यू सेड.”

मॅडम भराभर काहीतरी बोलू लागल्या. राबियाला एक अक्षर कळेना. मग त्या थांबल्या. स्वतःच्या छातीवर हात ठेवून मोठ्यानं श्वास घेतला आणि म्हणाल्या, “लिव्ह.” मग डोळे मिटून मान टाकली. “परहॅप्स,” त्या म्हणाल्या. “परहॅप्स नॉट.”

परहॅप्स म्हणजे कदाचित. हा शब्द राबियाला येत होता.

ती अनवाणीच रस्त्यावर धावली. शिबिराच्या ड्रायव्हरनं, अनीसनं, तिला जीपमध्ये घेतलं. खोडाळ्यापर्यंत रस्ता रिकामा. रुपी रस्त्यानं गेलीच नव्हती, डोंगरातल्या पायवाटेनं गेली होती. पाड्याचं नाव कुणी विचारलेलं नव्हतं, आणि बाईच्या नावावरून विचारावं तर त्या भागात रुप्या किती! अंधार पडेतो अनीसनं जीप फिरवली. “अब कहाँ ढूँढें, बहन?” तो शेवटी म्हणाला.

मॅडम तिला रागावल्या नाहीत. ते तिला जास्त जड गेलं.

शिबिर उठल्यावरही राबिया मावशीकडेच राहिली. दर बाजाराला खोडाळ्याला जाऊन विचारत राहिली. पाऊस लागायच्या सुमाराला मिठाच्या दुकानापाशी रुपीचा नवरा भेटला, लाडक्या.

“पोर?” राबियानं विचारलं.

“वाटंतच गेली. ओहळाजवळ.”

“दादा, परवानगी होती. डॉक्टरीण तिला ठेवून घेणार होती. मी इंग्रजीचा उलटा अर्थ लावला. माझी चूक.”

राबियाला वाटलं, आता हा शिव्या देईल, ओरडेल, निदान रडेल.

“पन बाय,” तो म्हणाला, “ठेवली असती तर जगली असती का?”

ते तर मॅडमनाही माहीत नव्हतं.

“आमाला मराठीच नीट नाय येत, इंग्रजीचा काय,” लाडक्या म्हणाला. मिठाची पुडी कमरेला खोचली आणि पाड्याच्या वाटेला लागला.