रूथबाईचे नुसते ओठ

चर्चमध्ये नाताळच्या गाण्यांची तालीम चालू होती आणि माझ्या शेजारी उभ्या रूथबाईचे नुसते ओठ हलत होते. आवाज नव्हता. इतकी वर्षं ही बाई वरच्या पट्टीत चिरकत आली आणि तिच्या चिरकण्यावरच आम्ही सगळ्या सूर धरत आलो.

माझ्या नातवाच्या बँडने नाताळची टिंगल करणारा अल्बम काढलाय. पाळकसाहेबांचं लांबलेलं प्रवचन, केकपुरते चर्चला येणारे बडे लोक, सगळ्यांना धुतलंय. मीही पोट धरून हसले. पण शेवटच्या गाण्यात रूथबाईचा आवाज चोरून भरलाय, आणि गावभर पोरं तोच ऐकून खिदळतात.

"गा की गं," मी म्हटलं.

"नको बाई. हसतात."

नातू म्हणतो, "आजी, गंमत होती ती." कसली गंमत? पाळकसाहेब पुढच्या रविवारी आणखी लांब बोलले. बडे लोक केक खायला येणारच आहेत. मोठ्यांची टिंगल म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. गप्प झाली ती एकटी रूथबाई.

मी त्याला सांगितलंय, तिच्या दारात जाऊन माफी माग. नाताळला तिचा आवाज माझ्या कानावर पडला नाही, तर माझ्या करंज्यांना हात लावायचा नाही.