अट पूर्ण होईपर्यंत

मे महिन्यातल्या एका मंगळवारी बाबा कामावर गेले आणि परत आले नाहीत. दुपारी आईला हॉस्पिटलमधून फोन आला. मी परीक्षेला बसले होते आणि माझा फोन बंद होता.

त्याआधीच्या वर्षाचं सांगायला हवं. शाळेच्या शेवटच्या वर्षी, जानेवारीत, मला हव्या त्या, दुसऱ्या शहरातल्या युनिव्हर्सिटीने इतिहासासाठी जागा देऊ केली, पण अटीवर. ए-लेव्हलला, म्हणजे इथल्या इंग्लंडमधल्या बारावीला, ठरावीक ग्रेड मिळायला हव्या होत्या. बाबांना अट कळली नव्हती असं नाही. ते पत्र त्यांनी दोनदा वाचलं. तरी कॉव्हेंट्रीतल्या आमच्या मराठी मंडळाच्या संक्रांतीला ते पेढ्यांचे दोन डबे घेऊन गेले. बाकीचे तिळगूळ देत होते, बाबा पेढे वाटत होते.

ऑगस्टमध्ये एक ग्रेड कमी पडली आणि युनिव्हर्सिटीने नाही म्हटलं. शिल्लक जागांमधून मला घराजवळच्या युनिव्हर्सिटीत प्रवेश मिळाला आणि मी रोज बसने जाऊ लागले. वाटलेल्या पेढ्यांचं काय करायचं हे कोणालाच सुचलं नाही. बाबा मला एका शब्दानेही बोलले नाहीत. गणपतीला ते मंडळात गेले, मी गेले नाही. तिथे त्यांनी काय सांगितलं ते मी विचारलं नाही.

फेब्रुवारीत मी नकार देणाऱ्या त्याच युनिव्हर्सिटीला पुन्हा अर्ज केला, थेट दुसऱ्या वर्षासाठी. घरी कोणाला सांगितलं नाही. एप्रिलमध्ये उत्तर आलं: जागा आहे, पण पहिल्या वर्षाला अमुक इतके मार्क हवेत. पुन्हा अट. मी लॅपटॉप मिटला आणि खाली जेवायला गेले. बाबा भाजीत मीठ कमी आहे म्हणत होते. या वेळी मार्क हातात आल्याशिवाय बोलायचं नाही, असं मी ठरवलं. तेव्हा तो शहाणपणा वाटला. आता त्याला काय म्हणावं कळत नाही.

इथे अंत्यसंस्कारासाठी तारीख मिळवावी लागते. आम्हाला बारा दिवसांनंतरची मिळाली. तोवर माणसं येत राहिली, जेवणाचे डबे आणत राहिली. मंडळातल्या एक काकू माझ्याशेजारी बसल्या.

"सुट्टी दिली ना गं तुला तिकडून? ट्रेनने आलीस?"

मी आईकडे पाहिलं. ती कप गोळा करत होती.

"बाबा तुझं सारखं सांगायचे. म्हणायचे, आमची बाई लायब्ररीतून उठेल तेव्हा घरी दिसेल. आमचे हे चिडवायचे त्यांना, अहो, तुम्हीच बॅग भरा आणि जाऊन राहा तिकडे."

"हो," मी म्हणाले. कशाला हो म्हणाले ते मला माहीत नाही.

बाबा खोटं बोलले होते, की मी तिकडेच शिकते असं लोकांनी धरून चालल्यावर नुसते गप्प बसले होते? लायब्ररीत तर मी इथेही बसतच होते. मी आईला विचारलं.

"कोणी विचारलं की मान हलवायचे," ती म्हणाली. "लाज वाटायची म्हणून, की तू कधीतरी जाशीलच म्हणून, ते मला नाही कळलं."

जूनमध्ये मार्क आले. पुरेसे होते. दहा दिवसांत होकार कळवायचा होता आणि आठ दिवस मी काहीच केलं नाही. गेले तर बाबांचं म्हणणं खरं करायला जाते आहे असं वाटे. नाही गेले तर ते कायमचं खोटं राहणार. त्यात आई एकटी. मला स्वतःला काय हवं होतं, ते या सगळ्यात कुठे सापडत नव्हतं.

नवव्या दिवशी मी आईला सांगितलं. ती पोळ्या करत होती.

"कधीपासून माहीत होतं?"

"एप्रिलपासून."

तिने गॅस बंद केला. पोळी तव्यावरच राहिली. "त्यांना सांगायचं होतंस."

"पेढे आणले असते त्यांनी."

"आणू द्यायचे."

मग ती पोळी काढून ठेवत तिने विचारलं, "राहायला खोली तेच देतात, की आपण शोधायची?"

त्या दुपारी मी होकार कळवला.

आता मी तिथे शेवटच्या वर्षाला आहे. आई रविवारी फोन करते. मंडळातल्या लोकांच्या दृष्टीने मी पहिल्यापासून तिथेच आहे, आणि आम्ही दोघींनी कोणाला काही सांगितलेलं नाही. दुसऱ्यांदा जागा मिळाल्याचं बाबांना कळलंच नाही. त्यांना न सांगणारी मी होते.