डाव्या हाताची थप्पड

आज मला जे पेन्शन मिळतं ते ज्या डॉक्टरच्या कागदामुळे, त्याच्या मी थोबाडीत मारली होती. डाव्या हाताने. उजवा त्या वेळी कामाचा राहिलाच नव्हता.

सुरतेच्या पांडेसऱ्यात कापड रंगवायच्या कारखान्यात मी मशीनवर होतो. ओल्या कापडाबरोबर हात दोन रोलरांमध्ये गेला. शेजारच्याने मशीन बंद करेपर्यंत पंजाचा चुरा झाला होता. मी रडलो नाही, शिव्या घातल्या. मालकाला, मशीनला, आणि धुळ्याहून मला सुरतेला आणणाऱ्या मेव्हण्याला तर सगळ्यांत जास्त.

प्लास्टर निघालं तेव्हा बोटं लाकडासारखी ताठ होती आणि मनगट लुळं पडलं होतं. कामगार विम्याच्या डॉक्टरांच्या बोर्डाने हात कायमचा गेला असं मानलं, तर जन्मभराचं पेन्शन. नाही मानलं तर पुन्हा मशीन, आणि थोट्याला मशीनवर कोण उभं करतो? पेन्शनसाठी डॉक्टरचा कागद हवा होता.

आधी सरकारी दवाखान्यातल्या हाडांच्या डॉक्टरकडे गेलो. ना नाव विचारलं, ना गाव. सरळ बोटं धरली आणि मागे वाकवली. डोळ्यांपुढे काजवे चमकले. काय होतंय हे कळायच्या आत माझा डावा हात सुटला होता आणि त्याचा चष्मा भिंतीपाशी पडला होता. वॉर्डबॉयने गचांडी धरून मला बाहेर काढलं.

मग मी आणि बायको सुरतेतल्याच नवागामच्या डॉक्टरकडे गेलो. तो आमच्याच तालुक्यातला. "कसा शे भाऊ?" म्हणाला, चहा पाजला. हाताला बोटसुद्धा लावलं नाही. पण कागद काय लिहिला! गरीब, कष्टाळू, लेकराबाळांचा माणूस, सहानुभूतीने विचार व्हावा. वाचून मीच रडलो. म्हटलं, आपला तो आपलाच.

बोर्डात तीन डॉक्टर बसले होते. मधल्याने विचारलं, "केम छो?" आठ वर्षं सुरतेत घासलेली जीभ, बोलून गेली, "मजामां." मजेत!

तो हसला. मग कागद वाचून माझ्यापुढे फेकला. "आ तो भलामण छे. आंगळी केटली वळे छे, ए क्यां लख्युं छे?" शिफारस होती, बोटं किती वळतात त्याचं मोजमाप नव्हतं. पुढच्या बोर्डाला या म्हणाले, तीच शेवटची संधी.

घरी येऊन मी पाण्याचा तांब्या भिंतीवर हाणला. बायकोने तो उचलला आणि माझ्या खांद्यावर हाणला. "ज्याले तुमी थापड मारी, त्यानीच तुमना हात देखा," ती म्हणाली. "उठा."

लाज गिळून पुन्हा सरकारी दवाखान्यात गेलो. डॉक्टरने ओळखलं. चष्मा काढून टेबलाच्या खणात ठेवला.

"मी धरस यासले," बायको म्हणाली. "तुमी तुमनं काम करा."

तिने माझा डावा हात पाठीमागे पिरगाळून धरला. डॉक्टरने एकेक बोट, एकेक सांधा वाकवला, लोखंडी पट्टीने मोजला आणि लिहिला. मी गुरासारखा ओरडलो. दोघांच्याही आईबापांचा उद्धार केला. त्याने ना हात थांबवला, ना पेन. असा राग मला आयुष्यात कुणाचा आला नाही, मालकाचाही नाही.

दोन पानं भरली तेव्हा त्याने पेन खाली ठेवलं आणि गाल पुढे केला. "हवे जमणा हाथे मार," म्हणाला. आता उजव्या हाताने मार.

मला तेच हवं होतं. सगळा जीव एकवटून मी उजवा हात फिरवला. खांदा फिरला, कोपर फिरलं, पण पंजा लोंबतच राहिला. तो त्याच्या गालावरून घसरत गेला, झोपलेल्या लेकराला गोंजारावं तसा. बायकोने माझा डावा हात सोडला आणि तोंडाला पदर लावला.

डॉक्टरने पेन उचललं आणि तेही लिहून घेतलं.