मामांनी दुरुस्त केलेले शेवट

वाईट सिनेमा इतक्या आदराने पाहणारा माणूस आमच्या मामेसासऱ्यांआधी झाला नाही आणि त्यांच्यानंतर होईल असं मला वाटत नाही. चांगला सिनेमा काय, कुणीही बघतो. पण ज्या सिनेमाला पहिल्याच दिवशी प्रेक्षकांपेक्षा पंखे जास्त असतात, त्याला डोक्याला तेल लावून, इस्त्रीचा शर्ट घालून, खिशात भडंगाची पुडी घेऊन जाणारे आमचे मामा एकटेच. एकटेच म्हणजे माझ्यासह, कारण मी जावई. कोल्हापुरात जावयाचा मान ठेवायची ज्याची त्याची रीत असते. कुणी मटणाचं ताट वाढतं, कुणी फेटा बांधतं. आमचे मामा दर शुक्रवारी नव्या सिनेमाला नेतात. "पावणं, आवरा. तिकीट काढलंय," एवढाच फोन येतो आणि कट होतो. पाहुणचाराला नाही म्हणायचं नसतं, म्हणून लग्न झाल्यापासून मी हा मान मुकाट्याने सोसतो आहे.

मामांचा उद्यमनगरात लेथ मशीनचा छोटा कारखाना होता. आता तो मुलगा बघतो, पण मामांची नजर अजून तिथलीच आहे. सिनेमा कितीही भिकार असो, शेवटची पाटी गेल्याशिवाय ते खुर्ची सोडत नाहीत. एकदा मध्यंतरात मी दाराकडे जरा आशेने बघितलं, तर म्हणाले, "लेथवर जॉब बिघडला म्हणून लगीच भंगारात टाकतोय व्हय आपण? आधी मापायचा. कुठनं बिघडला ते बघायचं." मग अंधारात माझ्या कानाशी त्यांचं मापणं सुरू होतं. "हितं बिघडला बगा. बाप दवाखान्यात हाय आणि ही बया बर्फात नाचाय लागली." एका सिनेमाला मध्यंतरानंतर आम्ही दोघेच उरलो. थिएटरचा मॅनेजर स्वतः आत आला. "मामा, चहा पाजतो, भजी खिलवतो. बंद करू काय? तेवढीच लाईट वाचंल." मामा उखडले. "नायकाचा बाप अजून तळघरात कोंडलाय. त्याला तसाच सोडून भजी खाऊ व्हय?" मॅनेजरने हात जोडले आणि आमच्याशेजारी येऊन बसला. शेवटी बाप सुटला. सुटल्यावर त्याने एवढं मोठं भाषण ठोकलं, की आत होता तेच बरं होतं असं आम्हा तिघांनाही वाटलं.

गल्लीत कुणी विचारलं, "मामा, कसा हाय पिक्चर?" की उत्तर ठरलेलं: "लई बेकार. जाऊन बघून या." मला हे कोडंच होतं. बेकार आहे तर जा कशाला म्हणायचं? एकदा विचारलं. म्हणाले, "मला बेकार वाटला. त्याला कसा वाटतोय ते त्यो बघंल की. माझ्या तोंडानं त्यानं कशाला जेवायचं?"

सिनेमा सुटला की आम्ही दूधकट्ट्यावर जातो. समोर म्हैस पिळली जाते, हातात फेसाळ दुधाचा पेला येतो, आणि मामा सिनेमा दुरुस्त करायला घेतात. ज्याने तो काढला त्याने ऐकलं तर लाजेने घरी बसेल, अशी ती दुरुस्ती असते. म्हशीवाला धार काढायची सोडून ऐकत उभा राहतो आणि म्हैस शेपटीने त्याला हाणत राहते. या दुरुस्त्यांत एक गोष्ट मी हेरून ठेवली होती. शेवटी कुणीतरी घरी परत यायचंच. रुसून गेलेला, तुरुंगात पडलेला, अगदी मेलेलासुद्धा. "मामा, त्यो तर मेला की ओ," कुणीतरी म्हणायचं. "मेला हे कुणी बघितलं? पडद्यावर नुस्ता हात दिसला," मामा म्हणायचे, आणि त्याला घरी आणून जेवायला बसवायचे.

मामांची थोरली बहीण म्हणजे माझ्या सासूबाई. गडमुडशिंगीला एकट्या राहतात. मुलगा, म्हणजे माझा मेव्हणा, ऑस्ट्रेलियात आहे. रविवारी फोनवर तोंड दाखवतो आणि पुढच्या वर्षी नक्की येतो म्हणतो. ते पुढचं वर्ष आता बरंच जुनं झालंय. सासूबाईंना वाचनाचं भारी वेड, पण डोळे अधू झाले आणि अक्षर दिसेना. तेव्हापासून मामा रोज संध्याकाळी त्यांच्याकडे जाऊन मोठ्याने वाचून दाखवतात, मेव्हण्यानेच पाठवलेल्या टॅबवर. परवाच्या उन्हाळ्यात त्यांनी ऑनलाइन दुकानातून एक कादंबरी घेतली. ऊसपट्ट्यातली एक म्हातारी, परगावी गेलेल्या लेकाची वाट बघत सगळ्या जगाला शिव्या घालत बसलेली. सासूबाई तिच्यावर बेहद्द खूश. "ही तर माझीच भण हाय की रं!" विमानतळ पलीकडेच, त्यामुळे मधूनच डोक्यावरून विमान जायचं. मामा थांबायचे. सासूबाई मान वर करून तो आवाज पार विरेपर्यंत ऐकायच्या आणि मग म्हणायच्या, "हं, वाच."

शेवटची दोन प्रकरणं उरली होती. एका संध्याकाळी मामांनी टॅब उघडला तर पुस्तकच गायब! दुकानात शोधलं, तिथेही नाही. निरोप मात्र आला होता: हे पुस्तक आमच्या मार्गदर्शक तत्त्वांत बसत नसल्याने काढून टाकले आहे, आपले पैसे परत जमा केले आहेत. पैसे परत आलेले बघून मामा जास्तच पेटले. "जल्मभर भिकार पिक्चर बघितलं, एका टॉकीजवाल्यानं तिकीट परत केलं न्हाई. आणि हे चांगलं पुस्तक काढून घेऊन पैसं देत्यात? उफराटंच हाय की!" त्यांनी दुकानाला फोन लावला. पलीकडे एक गोड आवाजाची मुलगी होती.

"बेटी, ओ पुस्तक तुमने वाच्या क्या?"

"सर, मैं आपकी परेशानी समझ सकती हूँ."

"समजने का नहीं, वाचने का. किसने वाच्या? उसका नाव बताव. झगडा नहीं करता, खाली पूछता."

तिने त्यांना वाट बघायला सांगून गाणं लावलं. मामांनी तेही पूर्ण ऐकलं.

खरंच, त्यांना भांडायचं नव्हतं. त्यांना तो माणूस बघायचा होता. "पावणं, कुणीतरी बसून ठरवलंच असंल की. शिव्या झोंबल्या असतील. आक्का रागात ह्याच्यापेक्षा जास्त बोलती, तिलाबी काढून टाकणार काय? बरं, ऱ्हाऊ दे. पण शेवट तरी वाचला असंल का त्यानं?" मग मलाही त्या माणसाची उत्सुकता छळायला लागली. कुठल्या शहरात बसत असेल, डबा काय आणत असेल, का माणूस नसून नुसतं यंत्रच असेल? सासूबाईंना यातलं काही नको होतं. त्या रोज एवढंच विचारायच्या, "म्हातारीचं पुढं काय झालं रं?"

मग आम्ही मोटारसायकलवरून पुस्तकांची दुकानं, रद्दीवाले, वाचनालयं पालथी घातली. अखेर शिरोळकडच्या एका गावातल्या वाचनालयात एक प्रत मिळाली. पुरात भिजून पावासारखी फुगलेली, पण पानं सगळी शाबूत. महापुराने जे ठेवलं ते दुकानदाराने काढलं होतं. मामांना धीर कुठला? तिथेच पायरीवर बसून त्यांनी शेवटची दोन प्रकरणं वाचली. मी चहा पिऊन आलो, पुन्हा एक पिऊन आलो. मामांनी पुस्तक मिटलं आणि म्हणाले, "लई बेकार." पुढचं 'बघून या' मात्र ते म्हणाले नाहीत.

त्याच संध्याकाळी त्यांनी सासूबाईंना शेवट वाचून दाखवला. झकास शेवट होता. नाक्यावर एस्टी थांबते, लेक उतरतो, म्हातारी त्याला दोन शिव्या हासडते आणि मग पोटाशी धरते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सासूबाईंचे डोळे मात्र कोरडेच.

"झालं व्हय वाचून?" त्या म्हणाल्या. "आता खरा वाच."

"खराच हाय की आक्का."

"एवढं फुगलेलं पुस्तक, आणि पान उलटल्याचा आवाज न्हाई. आणि तुझ्या पिक्चरमधी सगळी घरी येत्यात, हे मला ल्हानपणापासनं ठाऊक हाय."

मामांची मान खाली गेली. "वाईट हाय गं त्यो. तुला सोसायचा न्हाई म्हणून…"

"मला काय सोसतंय ते तू ठरवणार?" सासूबाई कडाडल्या. "मग त्या दुकानदारानं काय येगळं केलतं?"

दुकानाने पुस्तक काढून घेतलं तेव्हा मामांचा चेहरा लाल झाला होता. आता तो पार उतरला. मला त्यांची फार दया आली. त्यांनी चष्मा पुसला, पुस्तक उघडलं आणि वाचायला लागले. लेक येत नाही. म्हातारी ओट्यावर बसल्या बसल्या जाते आणि शेजारीपाजारी सगळं उरकतात. दोनदा मामांचा आवाज फाटला, दोन्ही वेळा सासूबाई म्हणाल्या, "थांबू नगंस." वाचून संपल्यावर त्यांनी पदराने डोळे टिपले आणि लेखकाला एक अशी सणसणीत शिवी हासडली, की ती इथे लिहिली तर हा लेखही कुठल्याच तत्त्वांत बसायचा नाही. "पण खरं लिवलंय मेल्यानं," त्या म्हणाल्या.

मग सासूबाई हळूच म्हणाल्या, "आता तुझा परत सांग."

मामांनी पुस्तक मिटून बाजूला ठेवलं. "नाक्यावर येष्टी थांबली," त्यांनी सुरुवात केली.

"येष्टीनं कशाला?" सासूबाई म्हणाल्या. "इमानानं येऊ दे की. हितं शेजारीच तर उतरतंय."

आपल्या दुरुस्तीत दुसऱ्या कुणाला बोट लावू न देणाऱ्या मामांनी तिथल्या तिथे एस्टी रद्द केली, आणि पोराला विमानात बसवलं.