कितव्या पानावर सोडलं

दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आमच्या भागातल्या पुस्तकांच्या दुकानात इथले लेखक आणि पुस्तकांवर ब्लॉग लिहिणारे समोरासमोर बसतात. ती ब्लॉगवाल्यांतली. चामराजपेटेतल्या जुन्या मराठी घरात राहते, पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात सुटे भाग तपासते. पुस्तक कसं वाटलं हे ती कधीच सांगत नाही. कितव्या पानावर सोडलं, तेवढं सांगते.

"अण्णा, एकतीस," समोरच्या लेखकाला म्हणते आणि बसते. लेखकांना तिचा धाक आहे.

या खेपेला लेखकाच्या खुर्चीत मी होतो. पुस्तक माझ्या बायकोचं, ती गेल्यावर मी छापून घेतलेलं. कुणीतरी ते शेवटपर्यंत वाचावं, एवढीच माझी इच्छा होती.

माइक तिच्याकडे गेला. "अण्णा, एकशे चाळीस."

पुस्तक एकशे एकोणपन्नास पानांचं आहे. मागे कुणीतरी हसलं.

"शेवट स्वल्प कंटाळवाणा झालाय का?" मी विचारलं.

"वाचला कुठे अजून? नऊ पानं ठेवलीत," ती नेहमीच्याच आवाजात म्हणाली. "वहिनींचं दुसरं पुस्तक आता येणार नाही ना."

आणि तिने माइक शेजारच्याला दिला.